सदर पिल्लू

त्या रानात धनेश पक्ष्यांचा संसार म्हणजे चिखलाची एक भिंत होती. धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरायची आणि मग दोघं मिळून ढोलीचं तोंड लिंपून टाकायचे, तो बाहेरून, ती आतून. मधे चोच जाईल एवढी फट ठेवायची. त्या फटीतून तो उंबरं भरवायचा आणि ती आत बसून पिसं गाळायची, अंडं उबवायची. पिल्लू जरा मोठं झालं की भिंत फोडून बाहेर यायची. कित्येक पिढ्या हे असंच चाललं होतं, आणि कोणी तक्रार केली असलीच तर भिंतीमुळे ती बाहेर ऐकू आली नव्हती.

यंदा मात्र एका धनेशिणीने भिंत फोडली, बाहेर फांदीवर येऊन बसली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. लग्न घाईत झालं होतं, त्यानंतर तिला दिसली ती त्याची फक्त चोच. चोच कष्टाळू होती, वेळेवर यायची आणि तिच्यात सदैव उंबर असल्यामुळे कधी उलट बोलायची नाही. चोचीमागचा धनेश मात्र तिला मुळीच पसंत पडला नाही. त्यालाही आत बसलेली बायकोच बरी वाटत होती. ही बाहेर आलेली तर इतका वेळ कुठे होतास म्हणून विचारत होती. दोघांचं असं वाजलं की शेजारच्या झाडावरचे सदा कलकलणारे सातभाई पक्षीसुद्धा ऐकायला गप्प झाले.

ढोलीत राहिलेलं पिल्लूही ऐकत होतं. त्याला अजून धड पंख फुटले नव्हते, भूक मात्र पुरेपूर होती.

प्रकरण कासवापुढे गेलं. कासवाने स्वतःची अंडी वाळूत पुरून मागे वळूनही पाहिलं नव्हतं, त्यामुळे मुलाबाळांच्या बाबतीत त्याच्याइतकं निःपक्षपाती रानात कोणी नाही, असं सगळे मानत. दोन्ही बाजूंनी एकेक खार वकील म्हणून उभी राहिली. पिल्लाचं नाव काय ठेवायचं यावरही वाद असल्याने दरबारात त्याला ‘सदर पिल्लू’ म्हणू लागले. ऐकून ऐकून पिल्लाला वाटलं, आपलं नाव सदर. हाक मारली की ते ओ द्यायचं.

कासवाने पहिला हुकूम दिला तो ‘जैसे थे’चा. निकाल लागेपर्यंत ढोलीला कोणी हात लावायचा नाही. म्हणजे फुटलेली भिंत फुटलेलीच राहिली. वारा सरळ आत येऊ लागला. खालून जाणारी घोरपड रोज मान वर करून निकाल कधी आहे, अशी अगदी आपुलकीने चौकशी करू लागली. सदर तेव्हा ढोलीच्या पार मागच्या भिंतीला चिकटून बसायचं आणि श्वाससुद्धा हळू घ्यायचं. बिचाऱ्याच्या भीतीबद्दल हुकुमात काही नव्हतं.

दुसरा हुकूम पोटगीचा. धनेशाने उंबरं आणून दरबारात जमा करावीत. ती पिकलेली आहेत की नाहीत, हे दोन्ही खारी चावून तपासत. तपास फार कसून होत असे. ढोलीपर्यंत पोचायचे ते देठ.

मग सदरचं मन जाणून घ्यायला कोकिळेला पाठवण्यात आलं. आपलं एकही पोर न वाढवता ती सगळ्या रानाला संगोपनाचे धडे देत असे. तिने गोड आवाजात विचारलं, तुला आई जास्त आवडते की बाबा?

“जो आधी येईल तो,” सदर म्हणालं.

हे उत्तर दोन्ही खारींनी आपापल्या बाजूने वाचलं, आणि त्या दिवसापासून धनेश आणि धनेशीण आधी येण्यासाठी इतक्या जोरात उडू लागले की वाटेत उंबर तोडायचं भान कोणालाच राहिलं नाही.

शेवटी कासव जागेची पाहणी करायला निघालं आणि यथावकाश पोचलं. ढोलीकडे पाहून त्याने निवाडा दिला. तोंडाच्या बरोबर मधे एक काठी उभी ठोकावी. डावा भाग आईचा, उजवा बापाचा. दोघांनी लगेच मोजून घेतलं. दुसऱ्याला आपल्याहून जास्त मिळालं नाही, याचं दोघांना मनापासून समाधान वाटलं.

अडचण एवढीच होती की अर्ध्या तोंडातून धनेशाची चोच जात नाही. दोघं आपापल्या बाजूने उंबरं रेटायचे, ती काठीवर चिरडायची आणि त्यांचा लगदा आत ठिबकायचा. सदर तो चाटायचं. पोट भरत नव्हतं. बाहेर काठी कोणाकडे कललीय यावर नवा दावा उभा राहत होता, आणि घोरपड आता खोडावर चढून ऐकत होती.

त्या सकाळी सदरला भुकेपेक्षा राग जास्त आला. त्याने काठी खेचून आत घेतली. आईने फोडलेल्या भिंतीची ढेकळं गोळा केली, त्यात बाबाने आणलेल्या उंबरांचा लगदा कालवला आणि चिकटपणासाठी स्वतःच्या शेपटीमागे जे मुबलक साचलं होतं तेही सढळपणे घातलं. मग ते आतून तोंड लिंपू लागलं. दुपारपर्यंत घोरपड खाली उतरली.

दरबार धावत आला. खारींनी हरकती घेतल्या, कोकिळेने समजूत घातली. आतून एवढंच ऐकू आलं, “उंबर आणलंय का?”

धनेशाने आपल्या हक्काचं बोलायला सुरुवात केली. फटीच्या कडेला आतून चिखलाचा एक लपका बसला आणि ती अरुंद झाली. धनेशीण आपल्या त्यागाचं बोलू लागली. आणखी एक लपका बसला. आता जेमतेम एक चोच जाईल एवढीच जागा उरली होती. दोघांनी त्या फटीकडे पाहिलं, आणि दोघंही उंबराच्या झाडाकडे उडाले.

संध्याकाळी कासव खालून पुढची तारीख पुकारत होतं. वर फांदीवर धनेशीण फटीशी वाकली होती आणि तिच्या मागे धनेश आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा होता. दोघांच्याही चोचीत एकेक पिकलेलं उंबर होतं, त्यामुळे ओ द्यायला कोणालाच तोंड उघडता येत नव्हतं.