चमकीचं फूल आणि पत्रिकेतला गणपती

फार जुनी गोष्ट आहे, कागदसुद्धा बोलायचे तेव्हाची. तनुजा नावाच्या मुलीनं मावशीसाठी दिवाळीचं भेटकार्ड घरीच केलं. मधोमध चमकीच्या कागदाचं फूल आणि कोपऱ्यात जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेला गणपती, दोन्ही खळीनं चिकटवले.

मावशीनं कार्ड फळीवर मांडलं. पुढच्या दिवाळीला झाडझूड करताना तिनं जुनी कार्डं रद्दीत टाकली. हेही उचललं, पण गणपती दिसला तसं कपाळाला लावलं आणि परत फळीवर ठेवलं.

फूल फुगलं. "पाहिलंत? माझ्या रूपापुढं मावशीचा हात थबकला!"

"असेल हो," गणपती म्हणाला.

"तुम्ही मात्र कुणाच्या तरी लग्नातले, उरलेले. माझी शोभा घालवता. सरका की जरा!"

"सरकतो बाबा. पण मग कार्ड तुला एकट्यालाच सांभाळायचंय बरं का."

"आत्ता तरी कोण सांभाळतंय?"

खळ तशीही वाळली होती. गणपती अलगद सुटला आणि फळीवर पडला.

त्यापुढच्या दिवाळीला मावशीनं कार्ड उचललं, उलटंपालटं केलं आणि रद्दीत टाकलं. गणपती मात्र पदरानं पुसला, कपाळाला लावला आणि सुट्टीला आलेल्या तनुजाला दिला. ती नवं कार्ड करत बसली होती. तिनं तो कोपऱ्यात चिकटवला.

मधलं नवंकोरं फूल नाक मुरडून म्हणालं, "हे म्हातारं कुठनं आणलं गं बाई?"