पाच पायांचा बैल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कळकवाडीची शाळा तेव्हा देवळाच्या ओसरीवर भरायची. ज्यांना अजून पाटीसुद्धा नीट धरता येत नाही, अशी बिगरीतली चिल्लीपिल्ली पंतोजी भिवराक्काच्या गळ्यात टाकायचे. भिवराक्का कुंभाराची सून. ती पोरांना पारावर बसवायची, पुढ्यात मातीचा गोळा ठेवायची आणि म्हणायची, "वारा दिसला आसता तर कसा दिसला आसता, त्ये करा बगू." नाहीतर म्हणायची, "ऊन रातीचं कुठं झोपतं? त्येचं घर करा." मग पोरं काटक्या, पिसं, गुंजा, शेवरीचा कापूस, हाताला लागेल ते मातीत खोचत बसायची. आक्काचा नेम एकच. पोरानं काही केलं की "हे काय?" असं विचारायचं नाही. विचारायचं, "ह्यो कुठं निघालाय?" तसं विचारलं की मुकं पोरही बोलायला लागायचं, असं म्हणतात.

खंडूची लेक सगुणा अशीच अबोल होती. दिवसभरात चार शब्द बोलली तर बोलली, आणि तेही बापाच्या बैलाशी, पाखऱ्याशी. बेंदूर, बैलांचा सण, जवळ आला तशी पोरं मातीचे बैल करायला बसली. सगुणाच्या बैलाला पाय निघाले पाच.

"कुठं निघालाय गं ह्यो?" आक्कानं विचारलं.

"रानात," सगुणा म्हणाली. "एक पाय दुखला तर जादाचा आसू दे. पाखऱ्याचा दुखतुय."

आक्काला भरून आलं, आणि तिथंच तिची चूक झाली. देव्हाऱ्यात पुजायचा मातीचा बैल अव्यंग हवा, त्याच्यात खोट राहिली तर ती गोठ्यात उतरते, असं सारा गाव मानायचा. कुंभाराच्या सुनेला हे कुणी सांगायला नको होतं. वाकडे निघालेले बैल तिनं स्वतःच्या हातानं मोडले होते. पण सगुणाचा मात्र तिच्यानं मोडवेना. "जा, घरी ने, पूज त्येला," ती म्हणाली.

बेंदूर झाला आणि पाखऱ्याच्या तोंडाला लाळ लागली. खुरांत जखमा पडल्या. मग शेजारच्या गोठ्यात एक बैल बसला. खुरकूत! ऐन आषाढात बैल बसले तर अख्ख्या गावानं खायचं काय? शिदोजी पाटील पारावर आला. मागे सारा गाव होता.

"पाच पायांच्यानं घात केला. ज्या हातानं बैल केला, त्याच हातानं फोडू दे."

सगुणानं बैल परकराच्या ओच्यात घट्ट धरला होता. ती रडली नाही. तिनं नुसते ओठ मिटून घेतले, आणि ते बघून आक्काच्या काळजाचं पाणी झालं. हा हात आज बैल फोडेल, आणि पुन्हा कधी मातीला लागणार नाही. हे तोंडही पुन्हा उघडायचं नाही.

"फोडायचा तर मी फोडीन, पाटील. आजचा दिस द्या. बैल शिवंवर राखणीला ठेवते. सांजंला गुरं परत येतील. एक जरी नवं जनावर लाळ गाळत आलं, तर ह्यो फोडीन आन् गाव सोडीन."

बोलून तर गेली, पाटलानं दिवसही दिला, पण मग तिचा जीव टांगणीला लागला. शिवेवरच्या दगडावर तिनं बैल ठेवला. पलीकडं माळावर आजारी पाखऱ्या इतर गुरांपासून वेगळा बसवलेला होता. आक्का वेशीत येऊन उभी राहिली. पाटलाचं खरं असलं तर? खोट खरंच गोठ्यात उतरली असली तर? दुपारी पाऊस कोसळला आणि ती तिथंच खाली बसली. बैल कच्च्या मातीचा होता. आता गुरं येण्याआधीच त्याचा चिखल होणार. शेजारी बसलेल्या सगुणानं तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला होता.

दिवस कलला. घंटांचा आवाज आला. आक्का एकेका जनावराचं तोंड बघत होती. कोरडं. हेही कोरडं. कळप संपला, आणि सगळ्यांच्या मागून पाखऱ्या आला. सावकाश, पण आपल्या पायांनी.

गाव शिवेकडं धावला. चिखलात खुरांचे ठसे होते, आणि ते पाच-पाचचे. त्या ठशांचं रिंगण अख्ख्या गावाभोवती फिरलं होतं, असं म्हणतात. दगडावर मातीचा बैल उभा होता. पावसानं त्याचा कणही विरघळला नव्हता. फक्त एक पाय मोडून खाली पडला होता, आणि उरलेल्या चार पायांवर तो भक्कम उभा होता.

"आक्का," सगुणा सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "जादाचा पाय कामी आला!"

पाटलानं पागोटं काढलं म्हणे. आक्का मात्र पोरीला पोटाशी धरून ढसाढसा रडली.

कळकवाडीत आजही बेंदराचा बैल घरातलं सर्वांत धाकटं पोर करतं. त्याला तीन शिंगं फुटोत की शेपूटच नसो, देव्हाऱ्यात मान त्याचाच. घरातलं थोरलं माणूस पोरापुढं उकिडवं बसतं आणि विचारतं, "कुठं निघालाय?" पोरानं उत्तर दिल्याशिवाय नैवेद्य दाखवत नाहीत, पुरणपोळी गार झाली तरी चालते. आणि सांजेला सगळी पोरं मिळून मातीचा नुसता एक पाय करतात आणि भिवराक्काच्या नावानं शिवेवर ठेवून येतात. कुणाचा तरी दुखत असेल, म्हणून.