एकोणीस वेळा दाबलेलं बटण

शर्वरीला वाटलं होतं, आपण परदेशातून शिकून परतलो की बांगड्या विकणारी हौसामावशी आधी हात ओढून बांगड्या भरेल. पण मावशी तर डोक्याला हात लावून ओट्यावर बसलेली!

"काय झालं गं?"

"राजानं जत्रेतली माझ्या दुकानाची जागा काढून घेतली! मी म्हणे हावरट!"

कुसुमगडच्या राजेसाहेबांनी यंदा मोठ्या हौसेनं जत्रेच्या जागांसाठी ऑनलाइन अर्ज ठेवला होता. मावशीनं अर्ज भरला, 'पाठवा' दाबलं. पडदा ढिम्म! पुन्हा दाबलं. ढिम्मच! असं एकोणीस वेळा. दरबारात एकोणीस अर्ज पोचले. निम्म्या गावाचं हेच झालं आणि राजेसाहेब भडकले. एकाहून जास्त अर्ज आलेल्या सगळ्यांच्या जागा रद्द!

शर्वरीनं तडक दरबार गाठला.

"महाराज, माणसं हावरट नाहीत. अर्ज गेला की नाही, हेच त्यांना कळत नाही."

"मग थांबावं! नाव तपासायचं, जागा तपासायची, यंत्राला अर्धा मिनिट लागणारच. मोठी शिकून आलीस ना? यंत्र एका क्षणानंही जलद न करता हे दाबणं थांबवून दाखव. संध्याकाळपर्यंत! नाहीतर जागा गेल्या!"

"दाखवते. पण महाराज, ऊन फार आहे. आधी सरबत घ्या ना!" असं म्हणत ती दाराशी गेली आणि हुजऱ्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली.

राजेसाहेबांनी टाळी वाजवली. एरवी टाळीसरशी "जी महाराज!" असा आवाज यायचा आणि मग सावकाश सरबत. आज सगळं चिडीचूप. दुसरी टाळी. चिडीचूप!

"बहिरे झाले की काय सगळे?" राजेसाहेबांनी टाळ्यांचा सपाटाच लावला.

आणि एकामागून एक सात हुजरे सात पेले घेऊन हजर!

"हे काय?"

"टाळ्या सात झाल्या, महाराज," धोंडजी हुजरे चाचरत म्हणाले.

"अगंबाई, सात पेले!" शर्वरी म्हणाली. "आता हावरट कुणाला म्हणायचं, महाराज?"

मग तिनं खुलासा केला.

"सरबताला रोजच्याइतकाच वेळ लागला. फक्त 'जी' म्हणू नका, असं मीच यांना सांगितलं होतं. तेवढ्यानं महाराजांचाही धीर सुटला! बटणालाही 'जी' म्हणायला शिकवू. दाबताक्षणी 'अर्ज निघाला, तपासणी चालू आहे' असं दिसेल, तपासणी संपेपर्यंत बटण बंद राहील आणि शेवटी जागेचा नंबर येईल."

राजेसाहेब असे हसले, की हातातला पेला हिंदकळला!

संध्याकाळी शर्वरीनं बटण सुधारून अर्ज नव्यानं उघडला. मावशीनं बटण दाबलं, अक्षरं वाचली आणि बोट मागे घेतलं. तीनशे दुकानदार, तीनशेच अर्ज!

"महालात दालन घे, नाहीतर दुसरं काही माग," राजेसाहेब म्हणाले. "सकाळी विचार करून सांग."

सकाळी शर्वरी हजर झाली. "दालन नको, महाराज. जत्रेत मावशीच्या शेजारी एक टेबल द्या. अर्ज भरणारी माणसं तिथे आहेत. त्यांची बोटं बघितल्याशिवाय मी यापुढे एकही फॉर्म बनवणार नाही!"

राजेसाहेब पुन्हा खदखदून हसले आणि टेबलावर एक भलीमोठी छत्रीही लावून दिली.