बोर्डवाल्या मुकिंदाची जुळवाजुळव

एका गावात एक भोळा बोर्डवाला होता. नाव मुकिंदा. त्याला नवरा म्हणून पसंत करणारी बाई त्याच्याहून भोळी. ती मी.

अंडी उबवायच्या पेटीत जो विजेचा बोर्ड असतो, तो आमचे हे तयार करायचे. कॉम्प्युटरवर आधी आकृती काढायची, कुठली तार कुठं जोडायची त्याची. मग बोर्डाचा नकाशा, कुठला भाग कुठं बसणार त्याचा. दोन्ही जुळले पाहिजेत. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण नवऱ्याला शिकवायला कळावं थोडंच लागतं!

हौसाक्का कोंबडीवाली म्हणाली, "एक बोर्ड नमुन्याला दे. पसंत पडला तर सगळ्या पेट्यांचं काम तुला. नाही तर तालुक्याला देते. आणि हे बघ, पंखा पण पाहिजे."

ते काम गेलं तर दुकानाला कुलूपच.

ह्यांनी आकृतीत पंखा काढला. नकाशाला हात लावला नाही. बोर्ड तयार होऊन आला.

"पंख्याची जागा कुठाय रे?"

"आकृतीत आहे की, आक्का."

"मग अंडी पण आकृतीतच ठेवू का?"

मी कडाडले, "अहो, एकीकडं बदललं की दुसरीकडं बदलायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाबूरावचा बाप वारला. बाबूरावनं डोकं भादरलं. हे पण भादरून आले. आमचे मामंजी ओट्यावर तंबाखू मळत बसलेले. त्यांनी लेकाच्या टकलाकडं बघितलं.

"मी कधी गेलो रे?"

"तिकडं बदललं, म्हणून इकडं," हे म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, कुणाचंही बघून नाही बदलायचं! कागदावर काय आहे ते बघायचं. कागद खरा. वस्तू कागदाबरहुकूम करायची."

"बरं."

तेवढ्यात नवं रेशनकार्ड आलं. माझ्या नावापुढं चुकून 'पुरुष' छापलेलं. हे बाजारातून मला धोतर घेऊन आले. वर हौसाक्कासमोर म्हणतात, "दादा, आक्कांना चहा टाका."

"दादा गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "तो बोर्ड आधी पुरा करा!"

कॉम्प्युटरवर बघते तर नकाशाभर लाल खुणा.

"हे काय?"

"जुळत नाही तिथं लाल होतं."

"मग लाल दिसलं की काढून टाका! एक लाल राहता कामा नये!"

"बरं."

आणि नवल बघा, दुपारपर्यंत बोर्ड जुळला. एकही खूण नाही. हे खुशीत उठले. मी जेवून आडवी झालेली, कपाळाला कुंकू. लाल. ह्यांनी पुसून टाकलं. बांगड्या हिरव्या, म्हणून वाचल्या.

मी उठले तर दारात हौसाक्का. पंखा बसला का ते बघून काम द्यायला आलेली. माझं कपाळ बघून तिनं दाराची चौकटच धरली.

"यमुने, कधी झालं गं?"

मला वाटलं, बोर्डाचं विचारतेय.

"जेवणाआधीच. सुटले बाई एकदाची!"

"फार त्रास झाला का?"

"त्यांना कसला त्रास? मलाच!"

हौसाक्का तोंडाला पदर लावून निघाली. मला वाटलं, आनंद झाला बाईला.

सकाळी एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. मधोमध ह्यांचा फोटो, दोन बाजूंना समया, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हे दूध आणायला गेले होते. उभं राहून वाचलं. घरी आले, दक्षिणेकडं पाय करून पडले, नाकात कापूस घातला.

"अहो, हे काय?"

"कागद खरा."

ओट्यावरून मामंजी ओरडले, "सूनबाई, हौसाक्का तालुक्याला निघाली! काम दुसऱ्याला देतेय!"

"अहो, उठा! स्टँडवर जाऊन तिला नुसतं तोंड दाखवा!"

ह्यांनी एक डोळा उघडला.

"आधी फ्लेक्स बदल. मग उठतो."

आता शहाणी बाई काय करेल? मी शिडी घेतली, रंगाचा डबा घेतला नि स्टँडवर पळाले. हौसाक्का एसटीच्या खिडकीत बसलेली. तिला एक शब्द न बोलता मी वर चढले. 'भावपूर्ण श्रद्धांजली' खोडलं. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहायला घेतलं. 'हार्दिक'पर्यंत पोचले, तेवढ्यात एसटी सुटली.