खुर्चीत बसवलेली गौर

एकदा एका नदीकाठच्या गावी एका वृद्ध शास्त्रीबुवांपाशी एक शिष्य सहा वर्षे शिकत होता. पाठांतराला चोख, आवाजाला गोड. अधिक महिना लागला तेव्हा गावातल्या द्वारकाकाकूंना रोज संध्याकाळी पोथी वाचून दाखवण्याचे काम बुवांनी त्याच्याकडे सोपवले.

काकू एकट्या राहत. मुलगा पाच तासांच्या वाटेवर, शहरात मोठा व्यापारी. त्याने आईच्या बैठकीत, तिच्या खुर्चीमागे वरच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवून घेतला होता. मोबाइल उघडला की डोक्यावर पदर घेतलेली आई त्याला पाठमोरी दिसे. "लेक दिवसातून दहादा बघतो मला," असे काकू येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

आठ दिवस शिष्य नेमाने गेला. नवव्या दिवसापासून तो आपल्या खोलीत बसूनच अध्याय वाची आणि ते वाचन काकूंच्या मोबाइलवर पाठवी. काकूही म्हणाल्या, "चालेल हो, तुमची तेवढीच पायपीट वाचेल." काकूंनी ऐकले की निळ्या खुणा उमटत. शिष्याला वाटे, नेम सुरळीत चालला आहे.

एका संध्याकाळी खुणा निळ्या झाल्या नाहीत. ऐकतील सावकाश, असे म्हणून तो जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांनी प्रसादाचे अनरसे देऊन त्याला काकूंकडे धाडले. दाराला आतून कडी होती. त्याच्या हाकेला ओ आली ती मोरीतून, आणि इतकी क्षीण की आधी त्याला मांजरच वाटले. शेजाऱ्यांनी दार फोडले. काकू ओल्या फरशीवर पडल्या होत्या, आदल्या दिवेलागणीपासून. ओठ कोरडे पडले होते. बादली दोन हातांवर होती, पण तिथवर त्यांना सरकता आले नव्हते.

दवाखान्यात डॉक्टर बुवांना बाजूला घेऊन म्हणाले, "खुब्याचं हाड मोडलंय. जिवाला आज धोका नाही, शस्त्रक्रिया उद्या करू. पण पुन्हा पायांवर उभ्या राहतील असं वाटत नाही."

शिष्याने मुलाला कळवायला मोबाइल काढला, तर काकूंनी त्याचे मनगट धरले. "नको. त्याला दिसतंच सगळं. खुर्ची रिकामी बघितली की निघेल तो. निघालाही असेल."

दिवस कलला. खोलीचे दार वाजले की काकूंची मान तिकडे वळे. कधी परिचारिका येई, कधी चहावाला. मुलगा आला नाही, त्याचा फोनही आला नाही.

शिष्याला राहवेना. "गुरुजी, पोटचा पोर असा असतो का हो?"

 बुवांनी काकूंच्या परवानगीने कपाटाची किल्ली घेतली आणि ते शिष्याला म्हणाले, "चल. कपाटातून भाद्रपदातला गौरीचा स्टँड काढायचाय."

घरी येऊन त्यांनी तो लोखंडी स्टँड काकूंच्या खुर्चीत ठेवायला लावला. त्याला काकूंचे नेहमीचे हिरवे लुगडे नेसवले. शिष्य मुखवटा आणू लागला, तसे बुवा म्हणाले, "तो राहू दे. तो देवीचा आहे. वर तांब्या पालथा घाल आणि पदर ओढ."

"गुरुजी, पुण्याच्या महिन्यात ही फसवणूक कशाला?"

"आधी निऱ्या सरळ कर. कोणी बाईमाणूस बघत असतं तर हसलं असतं तुला."

शिष्याने मुकाट्याने निऱ्या सारख्या केल्या. बुवांनी दिवा लावला, पंखा लावला आणि दोघे दाराआड उभे राहिले. पंख्याच्या वाऱ्याने पदर हलत होता.

थोड्या वेळाने कोपऱ्यातून आवाज आला. कॅमेऱ्यातून मुलगा बोलत होता.

"आई, दुपारी दिसली नाहीस. देवळात होतीस वाटतं. जेवलीस का?"

पदर हलला.

"गोळी घे बरं का आठवणीने. आई? डोळा लागलाय वाटतं. असू दे, बस निवांत."

आवाज बंद झाला. 

तेव्हा बुवांनी स्वतःहून मुलाला फोन लावला. "आईच्या दर्शनाला या."

"आत्ताच बघितलं की तिला, बुवा. छान बसलीय."

"पायांवर हात ठेवून बघा. आजच निघा."

त्या स्वरात असे काही होते की मुलाने पुढे विचारले नाही. पहाटे तो पोचला. वाकून आईच्या पायांवर डोके ठेवायला गेला, तर लुगड्याच्या काठाखाली पाय नव्हते. हाताला खुर्चीचे लाकूड लागले. त्याने पदर ओढला आणि तांब्या घरंगळत भिंतीपर्यंत गेला.

"आई कुठंय माझी?" त्याचा आवाज फुटला.

"दवाखान्यात. जिवंत आहेत," बुवा म्हणाले, आणि सगळे सांगितले.

"मग कालच का नाही सांगितलं? हे सोंग कशासाठी?"

"नुसतं सांगितलं असतं तर तुम्ही मोरीतही एक कॅमेरा बसवला असता," बुवा शांतपणे म्हणाले. "बाळ, तुम्ही वाईट नाही. वाईट माणूस दहादा बघत नाही. पण बघितलं की आपलं कर्तव्य झालं, असं ते यंत्र आपल्याला सांगतं आणि आपल्याला ते पटतं. हळूहळू माणसाच्या जागी लोखंड बसलं तरी आपण त्यालाच 'जेवलीस का' विचारतो. गौरीला आपण बोलावतो, बसवतो, जेवू घालतो, तेव्हा तिच्यात प्राण येतो. तुमच्या आईला बसवून तर ठेवलं होतं सगळ्यांनी. जवळ कोणी गेलं नाही."

'सगळ्यांनी' म्हणताना बुवांनी शिष्याकडे पाहिलेही नाही. पण शिष्याला त्या न उमटलेल्या निळ्या खुणा आठवल्या. पोथी घेऊन तो त्या संध्याकाळी गेला असता तर काकू घटकाभरात सापडल्या असत्या. काल मुलाला लावलेला प्रत्येक बोल आता त्याच्याकडे परत येत होता.

"दादा," तो मुलाला म्हणाला, "परवा संध्याकाळी मी जायचा होतो. मी आवाज पाठवला."

 तिघे दवाखान्यात आले.

काकूंनी लेकाला पाहिले आणि तोंडभर हसल्या. "आलास? मी म्हणत होते ना येईल म्हणून. तुझा काय दोष रे, मोरीत कुठे कॅमेरा आहे?" मग शिष्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमचा अध्याय ऐकायचा राहिला हो. मोबाइल बैठकीतच राहिला होता."

दोघांनाही मान वर करवेना. मुलगा पायथ्याशी बसला आणि त्याने चादरीखाली हात घातला. या वेळी पाय होते. सुजलेले, गार पडलेले, पुन्हा जमिनीवर टेकतील की नाही सांगता न येणारे. तो ते दोन्ही हातांनी चोळत राहिला. शिष्य उशाशी बसून राहिलेला अध्याय म्हणू लागला, आणि प्रत्येक ओवीनंतर काकू क्षीण आवाजात हुंकार देऊ लागल्या.

आज दिवेलागणीला आपणही उठून आपल्या माणसापाशी, निदान शेजारच्या खोलीपर्यंत तरी, जाऊन यावे.