खांद्यावरची पोर

“...तरी ती न्हाई म्हणत्या, वस्ताद. का म्हणून?”

आकाराम चौगुल्यानं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. आधी दोन वेळा म्हाताऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

बालेचांद वस्ताद तालमीतल्या हौद्याच्या कडेला बसून ढेकळं फोडत होते. ताक, तेल, हळद घालून मळलेली तांबडी माती. त्या मातीत उतरायला आता पोरं फारशी राहिली नव्हती, तरी वस्ताद ती रोज मऊ करून ठेवायचे. कुस्त्यांनी कान चेपून गेले होते, पाठ वाकली होती. बाहेर चैत्रातलं मळभ दाटलं होतं आणि तालमीत भरदुपारी अंधारून आलं होतं.

“कशाला न्हाई म्हणत्या?”

“मैदानाला. उद्याच्या जत्रंच्या मैदानाला.”

आकाराम तरुणपणी याच मातीत लोळला होता. कुस्ती काही त्याला जमली नाही. पण कुस्ती बघावी ती आकारामनंच. पैलवानानं पाय कुठं टाकला एवढ्यावरून तो पुढचा डाव सांगायचा, आणि शेजारच्याला तो सांगितल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. पंचक्रोशीत त्याच्या शब्दाला मान होता. तो मान त्याला जरा जास्तच ठाऊक होता.

“पहिल्यांदाच पोरींची कुस्ती लागल्या आपल्या गावात. पंचांच्या शेजारी, पुढच्या घोंगड्यावर दोन जागा धरल्यात म्या. एक माजी, एक शालनची. पुढल्या आठवड्यात तिची हळद. मग कुठली ती आन् कुठला मी! म्हटलं, एकदा बापलेक मिळून बघू. तर म्हणत्या कशी...”

“कशी?”

“म्हणत्या, तुमच्या बाळूला घेऊन जावा.”

वस्तादांचा हात ढेकळावर थांबला.

“बाळू कोण?”

आकारामला हसू आलं. ही गोष्ट त्यानं चावडीवर, वरातीत, कुठं कुठं सांगितली होती. तो ऐसपैस मांडी घालून बसला.

“आमची शालनच की! तवा बायाबापड्या येत नव्हत्या मैदानाला. आन् ही चार वर्साची पोर, मी निघालो की दारात लोळण घ्यायची. मग म्या काय केलं, हिच्या केसांचा बुचडा बांधला, वर टोपी घातली, अंगात सदरा-चड्डी, आन् घेतली खांद्यावर. कुणी इचारलं, हे कोण? तर म्हणायचं, आमचा बाळू!”

“लोकांनी मानलं?”

“मानलं म्हंजे? दरसाल मानलं. आन् वस्ताद, काय नजर हुती पोरीची! ढाक कुठली, लपेट कुठली, बघताक्षणी सांगायची. सात वर्साची असताना पोकळ घिस्स्यासारखा अवघड डाव ओळखला तिनं. म्या शिकवलं सगळं. डाव बसायला आला की तिच्या टाचा माज्या छातीवर वाजायला लागायच्या. धडधड, धडधड. चीतपट झाली की हे थैमान! छाती दुखायची रातभर.”

त्यानं नकळत छातीवरून हात फिरवला. ते दुखणं त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात गोड दुखणं होतं आणि हे तो कुणालाही सांगायला तयार असे.

“आन् तोंड?” वस्तादांनी विचारलं.

“कुणाचं?”

“फोड तू, फोड.” वस्तादांनी एक ढेकूळ त्याच्यापुढं सरकवलं. “फुडं काय झालं?”

“फुडं... एका साली पाटील म्हणाले, आकाराम, पोरगं तयार झालं की तुजं. फुडच्या जत्रंला जोड लावू त्याची. मी म्हटलं, लावू की! काय हसलो आम्ही, वस्ताद! डोळ्यांत पाणी आलं हसून.”

“बाळू हसला?”

“हसला... हसली असंल की.”

“असंल?”

आकाराम घाईघाईनं पुढं बोलू लागला.

“फुडच्या साली मोठी दिसाय लागली. किती दिवस झाकणार? लोकं तोंडात शेण घालतील. जत्रंच्या दिवशी मी निघालो, तर ही आपली दारात हुबी, आपणहून टोपी घालून. म्या टोपी काढून घेतली. म्हटलं, बाळू गेला बरं का आता. शालन, आत जा.”

इथं तो नेहमी हसत असे. ऐकणारेही हसत.

वस्ताद हसले नाहीत.

आकारामनं खिशातून एक लहानशी टोपी काढली. धुऊन धुऊन विरलेली, घडीवर पिवळी पडलेली.

“ही बघा. टाकली न्हाई म्या. इतकी वर्सं पेटीत जपून ठेवली. बापाची माया न्हाई तर काय ही? तुम्ही चला घरी, वस्ताद. तिला दोन गोष्टी सांगा. तुमचं ऐकंल ती.”

वस्तादांनी टोपीला हात लावला नाही. हात मातीचे होते.

“माजं तिनं तवाच ऐकलं,” ते म्हणाले.

“कवा?”

“त्याच जत्रंच्या दिवशी. तू मैदानात हुतास. माजा पाय मोडला हुता, मी हितंच पडून हुतो. सांजच्याला आली. त्या उंबऱ्याशी हुबी ऱ्हायली.”

“शालन?”

“केस कापलं हुतं. कसंबी, वाकडंतिकडं. म्हणाली, वस्ताद, मी बाळू. मला मातीत घ्या.”

आकारामला ते केस आठवले. जत्रेहून तो घरी आला तेव्हा तिची आई तिला बडवत होती आणि ती रडत नव्हती. ‘उवा झाल्या’ एवढंच म्हणाली होती. त्यानंही ते खरं मानलं होतं. पोरांच्या डोक्यात उवा होतातच. त्या रात्री जेवताना तो सगळ्यांना मैदानातली शेवटची कुस्ती रंगवून सांगत होता. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती.

“तुम्ही काय सांगितलंसा तिला?” त्याचा आवाज एकदम खाली आला.

“रीत सांगितली. पोरीच्या जातीनं हा उंबरा वलांडायचा न्हाई म्हटलं. ती गेली.”

“मला का न्हाई बोलला कधी?”

“तुम्ही दोघं एका घरात ऱ्हात हुतासा की.”

आकारामच्या बोटांत ढेकूळ होतं. ते फुटत नव्हतं. कोपऱ्यातल्या मारुतीपुढच्या दिव्यातलं तेल संपत आलं होतं, आणि कुणीतरी उठून ते घालायला हवं होतं. दोघंही उठले नाहीत.

वस्ताद म्हणाले, “मला उचल.”

“कुठं जायचंय?”

“कुठं न्हाई. खांद्यावर घे.”

“वस्ताद...”

“पोरीला घेत हुतास तसं.”

गुरूचा शब्द. आकाराम खाली बसला. म्हाताऱ्यानं एक पाय टाकला, मग दुसरा. आकाराम भिंतीला धरून उठला. ज्या माणसानं एकेकाळी त्याला चार बोटांनी मातीत झोपवलं होतं तो आता वाळल्या काटकीएवढा हलका झाला होता. आकारामला गलबलून आलं.

“चल.”

आकाराम हौद्याभोवती चालू लागला. वस्तादांच्या टाचा त्याच्या छातीवर टेकल्या होत्या, नेमक्या त्याच जागी.

पहिला फेरा झाला. वर काही हालचाल नव्हती.

दुसऱ्या फेऱ्यात खांद्यावरचं अंग एकदम गदगदलं. मग पुन्हा गदगदलं.

“हसताय व्हय, वस्ताद?”

...

“की रडताय?”

...

“वस्ताद, बोला की.”

“तूच सांग.”

आकारामनं मान वर केली. तुळई दिसली, तिच्यावरची काजळी दिसली. मान वाकडी केली तर म्हाताऱ्याचा गुडघा दिसला. तो थांबला, दोन्ही बाजूंनी बघू लागला. मागं बघितलं, पुन्हा वर बघितलं. कुठूनच तोंड दिसेना.

त्याला भीती वाटली. भर मैदानात, हलगीच्या कडकडाटात, हजार माणसांत, इतक्या वर्षांत ही भीती त्याला एकदाही वाटली नव्हती.

“आणिक एक फेरा,” वरून आवाज आला.

त्यानं फेरा घातला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. हातांत म्हाताऱ्याचे पाय होते.

त्यानं वस्तादांना खाली उतरवलं, लगेच वळून त्यांच्या तोंडाकडं बघितलं. पण तोवर वस्तादांनी दंडानं तोंड पुसलं होतं. गालावर मातीचा एक पट्टा तेवढा उमटला होता.

“उद्या तिला शेजारी बसवतो,” आकाराम म्हणाला. “डाव सांगत न्हाई, कुस्ती बघत न्हाई. सबंध मैदानभर तिचंच तोंड बघतो.”

“ती येणार न्हाई.”

“पाया पडतो तिच्या.”

“तरी न्हाई येणार.”

“मग पोरींची कुस्ती...”

“ती तू बघ. जागा धरल्यास.”

बाहेर हलगीवाले उद्यासाठी हलग्या तापवत होते. एकानं थाप मारून बघितली. आकारामचं काळीज हललं. तो आवाज आला की उठून चालू लागायचं, एवढंच त्याला जन्मभर ठाऊक होतं. आज तो जागचा हलला नाही.

टोपी अजून त्याच्या मुठीत होती. ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

“म्या तिचं तोंड बघितलंच न्हाई, वस्ताद,” तो म्हणाला. “आता कवा बघू?”

वस्ताद पुन्हा हौद्याच्या कडेला बसले होते. त्यांनी एक ढेकूळ उचललं, बोटांनी दाबून बघितलं.

“लग्नात बघ,” ते म्हणाले. “मुंडावळ्यांतनं दिसंल तेवढं.”