खिंड उघडी राहील का?

“हो की नाही, एवढंच सांगा, मेमे. उद्या खिंड उघडी राहील ना?”

खाडिलकर तिसऱ्यांदा विचारत होते. आमच्या आठ जणांच्या सहलीचे ते म्होरके. लडाखचं हवामान आणि तिथल्या लोकांशी वागायची रीत यावर त्यांची पुस्तिका आहे. चौथी आवृत्ती निघाली, हे पुण्यापासून ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

मेमे म्हणजे लडाखीत आजोबा. चार दिवस आम्ही त्यांच्या आणि त्यांच्या सुनेच्या तळावर मुक्कामाला होतो. पठारावर बकऱ्या राखणारे चांगपा लोक त्यांना हवा विचारायला येतात, असं कळल्यावर खाडिलकरांना शिष्य व्हायची हौस आली. पाचव्या आवृत्तीत ‘आभाळ कसे वाचावे’ असं प्रकरण घालायचं होतं ना!

मेमे आपल्या तंबूत चुलीपाशी बसून माळ ओढत राहिले…

“एवढा भाव नका हो खाऊ!” खाडिलकर हसले, आणि बिस्किटांचा रिकामा पुडा चुलीत टाकला.

माळ थांबली.

मेमेंनी चिमट्यानं तो वितळलेला गोळा बाहेर काढला आणि खाडिलकरांच्या पुस्तिकेवर ठेवला.

“आमचा देव चुलीत राहतो.” फौजेत शिकलेली हिंदी होती त्यांची.

“माहीत आहे की! पान अकरा. चुलीत कचरा टाकू नये. मीच लिहिलंय.”

“मग टाकला कुणी?”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! माझी आई त्याच तंबूत गालिच्यावर पडून होती, धापा टाकत. खिंड अजून दोन हजार फूट वर. बर्फात तिथं अडकलो असतो तर आई काही परत आली नसती. आणि या गृहस्थाला परवाचं हॉटेलचं बुकिंग दिसत होतं. असा संताप आला होता मला!

“बरं, चुकलं. पण खिंडीचं काय?”

“बाहेर हो!” मेमे एवढ्या जोरात ओरडले की आई दचकली. “बाहेर उभा राहा. विचारून आत ये. चार दिवसांत एकदा तरी विचारलंस?”

खाडिलकर लालबुंद होऊन बाहेर गेले.

“येऊ का आत?”

…

“अहो मेमे, येऊ का?”

…

“थंडी वाजतेय मला! काय चेष्टा आहे ही?”

मेमे माळ ओढत होते. मला राहवेना, मी उठले.

“तू बस,” मेमे म्हणाले. मी बसले.

बाहेरचा आरडाओरडा हळूहळू बंद झाला. मग बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता.

शेवटी आवाज आला, अगदी खालचा. “येऊ का?”

“ये.”

खाडिलकरांनी पहिल्यांदाच बूट बाहेर काढले. नाक निळं पडलं होतं.

“मेमे, उद्या निघत नाही आम्ही. बर्फ येतोय.”

“कुणी सांगितलं?”

“तुमच्या सुनेनं… म्हणजे, बोलली नाही ती. दुपारीच बकऱ्या आत घेतल्यात. तंबूच्या कडेनं दगड रचतेय, दोर आवळतेय. सकाळपासून करत असणार. मी… पाहिलंच नव्हतं.”

मी आईचा हात घट्ट धरला. मला रडू फुटलं.

खाडिलकर जरा खुलले. “हे सगळं पुस्तकात घालतो, मेमे. मुखपृष्ठावर तिचाच फोटो. पुष्कळ काढलेत मी.”

“तिला विचारून?”

खाडिलकरांनी हातातला फोन खिशात घातला.

“चार दिवस तिच्याच हातचं जेवलास.”

“हो.”

मेमेंनी पुस्तिका उचलली. त्या काळ्या गोळ्यासकट खाडिलकरांच्या मांडीवर ठेवली.

“नाव काय तिचं?”